पाण्याचा रिपोर्ट आणि पंचगंगेचे भांडण

श्रावण निम्मा सरला की कोल्हापुरात एक वाद ठरल्या वेळी उकरला जातो. गंगावेशीत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात मूर्तींवर रंगाचा हात फिरत असतो आणि तिकडे वाचकांच्या पत्रांतून, तालमीच्या कट्ट्यांवर, मोबाइलवर दोन फळ्या उभ्या राहतात. एक फळी म्हणते, प्लास्टरच्या मूर्तींनी पंचगंगा विषारी होते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. दुसरी विचारते, नाल्यांतून वर्षभर मैला जातो तो तुम्हाला दिसत नाही, आमचा गणपतीच तेवढा दिसतो? आकडे दोघांकडेही असतात. प्रयोगशाळेचा रिपोर्ट दोन्हीकडून फडकवला जातो आणि अनंत चतुर्दशी झाली की दोन्ही फळ्या पुढच्या श्रावणापर्यंत आपापल्या घरी जातात.

रिपोर्ट वाचणे हे माझे रोजचे काम, म्हणून या फडकवण्याबद्दल थोडे बोलतो. रक्तात साखर किती आहे, हे रिपोर्ट सांगतो. सडू लागलेला पाय कापायचा की वाचवायचा प्रयत्न करायचा, हे तो सांगत नाही. तिथे पेशंटचे वय येते, घरी करणारे कोण आहे हे येते, उद्या तो ऊसतोडीला जाणार की दुकानात बसणार हे येते, आणि त्याला स्वतःला काय हवे तेही येते. हे सगळे आम्ही नातेवाइकांना बसवून बोलतो. नदीच्या बाबतीत मात्र आपली अपेक्षा अशी, की पाण्याची एक बाटली तपासायला पाठवली की माघार कोणी घ्यायची, तेही त्याच कागदावर छापून येईल.

आधी मूर्तीचेच घेऊ, कारण तिथे विज्ञान बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. त्यात पाणी घातले की तो पुन्हा जिप्सम होतो आणि घट्ट बसतो. याच गुणामुळे आम्ही डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या तो मोडलेल्या हाताला बांधत आलो. हाच जिप्सम शेतकरी चोपण जमीन सुधारण्यासाठी पोत्यांनी रानात टाकतो. म्हणजे पदार्थ म्हणून तो काही जहर नाही. अडचण अशी, की तो पाण्यात फार सावकाश आणि फार थोडा विरघळतो. लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम, त्याच्या पुढे नाही. मातीची मूर्ती काही तासांत चिखल होऊन जाते. प्लास्टरची तळाशी पडून राहते, आणि पाणी उतरले की भंगलेले हात आणि सोंडा वर येतात. ज्याने पाच दिवस तिची आरती केली, त्याला तो देखावा बघवत नाही, आणि हा मुद्दा मी रसायनापेक्षा कमी महत्त्वाचा मानत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. जिप्सममध्ये सल्फेट असते. पाणी साचलेले असेल, तळाशी सेंद्रिय घाण असेल आणि प्राणवायू संपलेला असेल, तर काही जीवाणू या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. पण त्यासाठी ती सेंद्रिय घाण आधी असावी लागते, म्हणजे मैला असावा लागतो. दोन फळ्या ज्या दोन गोष्टींवरून भांडतात, त्या पाण्याच्या तळाशी एकमेकींना मदत करतात!

आरोग्याच्या दृष्टीने मला जास्त काळजी वाटते ती रंगांची. भडक रंगांतून शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम हे जड धातू येऊ शकतात. शिशाची मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही. घरांना देण्याच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आता गंमत पाहा. शाडूची मूर्ती आणली आणि तिच्यावर तसलाच चकचकीत रंग असेल, तर धातूंचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. पण वादाचे नाव ‘शाडू की प्लास्टर’ असे पडल्यामुळे रंगाचा डबा कुणी उलटा करून वाचत नाही.

आता सरकारी निर्णय कसे वळत गेले ते बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. १२ मे २०२० ला ती सुधारली आणि प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. पुढे ती वर्षभर लांबणीवर टाकली. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करा, असा आदेश दिला. त्या वर्षीच्या माघी गणेशोत्सवात मुंबईच्या उपनगरांतल्या काही मोठ्या मूर्ती कित्येक महिने विसर्जनाविना झाकून ठेवाव्या लागल्या. मग डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. केंद्रीय मंडळाने भूमिका बदलली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मूर्ती घडवण्यावरची बंदी उठवली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मनाई मात्र राहिली. जुलैमध्ये ठरले, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायच्या. त्याहून मोठ्यांना सवलत मिळाली.

या पंधरा वर्षांत जिप्समची विद्राव्यता कणभरही बदललेली नाही. सहा फूट एक इंचाची मूर्ती पाच फूट अकरा इंचाच्या मूर्तीपेक्षा नदीला कमी जाचते, असेही कुठले रसायनशास्त्र सांगत नाही. बदलले ते तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले वजन. मूर्तिकारांची पोटे, मंडळांचा मान, रस्त्यावर उतरणारी गर्दी, विसर्जनाविना राहिलेल्या मूर्तीमुळे भाविकांना होणारी बोच. या गोष्टी वजनदार आहेत आणि त्या मोजायलाच हव्यात. माझे म्हणणे एवढेच, की त्या मोजल्या असे उघड सांगावे. ‘तज्ज्ञांचा अहवाल आला म्हणून निर्णय बदलला’ असे सांगितले, की आधीचे शास्त्रज्ञ चुकले होते आणि आताचे बरोबर आहेत, असा लोकांचा समज होतो. पुढच्या वेळी खरोखरच धोक्याचा इशारा द्यायची वेळ येते, तेव्हा त्याच शास्त्रज्ञांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

कोल्हापूरने या बाबतीत बरीच वाट चालली आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती दान करण्याची मोहीम चालवली, तेव्हा धर्मात ढवळाढवळ म्हणून ठिकठिकाणी विरोध झाला. इथेही झाला. तरीही आज घरगुती गणपती दान करणारी, गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या काहिलीत विसर्जन करणारी कुटुंबे कोल्हापुरात मोठ्या संख्येने दिसतात. हे का घडले असावे? नदीतल्या सल्फेटचे प्रमाण ऐकून मन बदलले, असे मला अजून एकही घर भेटलेले नाही. माझ्या मते काम केले ते ‘पार्थिव’ या शब्दाने. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. उत्तरपूजा झाली, अक्षता टाकल्या, की देव आपल्या स्थानी गेले. उरली ती माती, आणि ती घरच्या बादलीतही विरघळू शकते. हे घरातल्या आजीने, गल्लीतल्या भटजींनी सांगितले, तेव्हा पटले. तेच एखाद्या अधिकाऱ्याने दंडाची पावती हातात धरून सांगितले असते, तर त्याच माणसांनी हट्टाने घाट गाठला असता.

आणि काहिलीचे तर मला फार कौतुक वाटते. गुऱ्हाळावर रस आटवतात ती ही काहील. उसाच्या मुलखातल्या माणसाला तिची ओळख सांगावी लागत नाही. तिच्याभोवती फुलांची आरास करायची, आरती व्हायची, मोरया व्हायचे. नदी हिरावून घेतली, अशी भावना तिथे होत नाही.

पण या वाटेचा खर्च कुणी दिला, हे विचारायला हवे. शाडू माती गुजरातेतून येते. मूर्ती वजनाला जड, वाळायला वेळ, आणि वाळवायची ती आपल्या आषाढ-श्रावणाच्या ओलीत. वाहतुकीत टवका गेला की मूर्ती गेली. प्लास्टरची मूर्ती साच्यातून भराभर निघते, हलकी असते, स्वस्त पडते. कर्ज काढून माल भरणाऱ्या कुंभाराला जानेवारीत कळते की हे चालणार नाही, आणि जूनमध्ये कळते की चालेल. पेणच्या कारखान्यांत तर वर्षभर काम चालते. मूर्ती न विकता राहिली तर होणाऱ्या नुकसानीसाठी पाण्याच्या रिपोर्टात रकाना नसतो. पर्यावरणाचा निर्णय झाला, आणि बिल एका जातीच्या, एका गल्लीच्या नावाने फाडले गेले, तर त्या गल्लीने चिडायचे नाही तर काय करायचे?

शिवाय दान केलेल्या मूर्ती शेवटी जातात कुठे? बऱ्याचशा रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत. वाहत्या पाण्यातून काढून साचलेल्या पाण्यात. नदीचा बोजा हलका झाला हे खरे, पण प्लास्टर काही संपले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक साधा उपाय शोधला आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे बेकरीत वापरतात त्या खाऱ्याच्या द्रावणात प्लास्टर ठेवले, की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होते. दुसरे तर खतच आहे. प्रश्न नेमका विचारला की विज्ञान असे नेमके उत्तर देते.

आता दुसऱ्या फळीच्या प्रश्नाकडे येऊ. वर्षभराच्या मैल्याचे काय? हा प्रश्न बऱ्याचदा विषय टाळण्यासाठी विचारला जातो. पण प्रश्न खरा आहे, आणि माझ्या वॉर्डाशी त्याचा संबंध मूर्तींपेक्षा कितीतरी जास्त आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथून ती कोल्हापूरला वळसा घालते. जयंती नाला आणि दुधाळी नाला हे शहराचे दोन मोठे नाले. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे, तरी नाले ओसंडून नदीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. खाली काठावरच्या गावांचे सांडपाणी, साखर कारखाने, मग इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचे पाणी घेऊन येणारा काळा ओढा. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेले मासे तरंगतात आणि शिरोळ तालुक्यातली माणसे पाण्याच्या बाटल्या घेऊन अधिकाऱ्यांना जाब विचारतात. शेवटी नृसिंहवाडीला ही नदी कृष्णेला मिळते. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत पंचगंगा आहे.

या सगळ्या भांडणात जो आकडा फेकला जातो तो बहुतेक वेळा बीओडीचा. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात, याचे ते माप. आपल्याकडे पाणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून ते काढतात. आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला तीन मिलिग्रॅम ही मर्यादा. माशांसाठी हा आकडा जीवनमरणाचा आहे. पण माणसाला त्या पाण्याने आजार होईल का, हे तो नीटसे सांगत नाही. त्यासाठी विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू मोजतात. आंघोळीसाठी शंभर मिलिलिटरमध्ये ५०० असावेत, २५०० च्या वर नकोत. त्यातही एक चोरवाट आहे. क्लोरीन टाकले की कोलिफॉर्म लवकर मरतात, काही विषाणू मात्र चिवट असतात. त्यामुळे नळाच्या पाण्याचा रिपोर्ट ‘पिण्यास योग्य’ आला आणि गल्लीत काविळीचे पेशंट निघाले, असे होऊ शकते.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या अशा साथीमागे आपल्या देशात बहुतेकदा हेपॅटायटिस ई हा विषाणू असतो. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात, हा त्याचा मार्ग. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाण्याचा नाला यमुनेतल्या पाणी उपशाच्या जागेपर्यंत उलटा सरकला आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू हाच होता, हे कळायला पुढे पाव शतकाहून जास्त काळ गेला. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तेव्हा उपयोगी पडले.

हा आजार बहुतेकांना महिना-दीड महिना थकवून बरा होतो. अपवाद गर्भवतीचा. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस ई झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे शंभरातल्या वीस ते पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. काल संध्याकाळी डोळे पिवळे दिसले म्हणून आलेली, स्वतःच्या पायांनी चालत आलेली बाई आज दुपारी असंबद्ध बोलू लागते आणि रात्री बेशुद्ध होते. यकृत काम सोडते, रक्त गोठत नाही, आणि त्याच अवस्थेत कळा सुरू होतात. कोणत्याही सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे काम केलेला माणूस हे चित्र विसरत नाही. पंचगंगेचा वाद माझ्या लेखी या बाईचा वाद आहे. मोर्च्यात ती नसते, सुनावणीला ती नसते, आणि मैल्यावर कुणाची श्रद्धा नसल्याने त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध रस्त्यावरही कुणी फारसे येत नाही.

इथे विज्ञानाची एक मर्यादा सगळ्यांच्याच सोयीची ठरते. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. म्हणजे पहिला पेशंट आमच्यासमोर येतो, तोवर ज्या पाण्याने कावीळ झाली ते पाणी केव्हाच कृष्णेतून कर्नाटकात गेलेले असते. आज नमुना घेतला तर तो चांगलाही निघू शकतो. मग नगरपालिका नदीकडे बोट दाखवते, नदीकाठचे कारखाने वरच्या शहराकडे, वरचे शहर खालच्या नाल्यांकडे, आणि प्रत्येकाकडे आजच्या तारखेचा रिपोर्ट असतो. पुरावा अपुरा असताना धोका कुणाच्या गळ्यात ठेवायचा, घाण सोडणाऱ्याच्या की पाणी पिणाऱ्याच्या, हे ठरवायचे असते. तो नीतीचा प्रश्न आहे. ‘आणखी अभ्यास हवा’ असे म्हणून तो टाळला, तरी निर्णय झालेलाच असतो. पिणाऱ्याने पीत राहायचे, हा तो निर्णय.

वर-खाली या शब्दांना आपल्या जिल्ह्यात फार अर्थ आहे. पंचगंगेच्या घाणीत कोल्हापूरचा वाटा आहे. कोल्हापूरने पिण्यासाठी दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट नळ आणला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचले. त्यासाठी कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि मागणी रास्तच होती. तीच मागणी खालच्या इचलकरंजीने केली, तेव्हा काय झाले? आधी वारणेचे पाणी दानोळीतून आणायचे ठरले. २०१८ मध्ये दानोळीकर रस्त्यावर उतरले, काम सुरू होऊ दिले नाही. मग दूधगंगेवर कागल तालुक्यातल्या सुळकूडची योजना मंजूर झाली, तर दूधगंगा काठ विरोधात उभा राहिला.

या विरोधाला अडाणीपणा म्हणणारे बरेच भेटतात. मी म्हणत नाही. पिण्यासाठी लागणारे पाणी शेतीच्या पाण्याच्या मानाने किती थोडे असते, हा हिशेब अभियंत्यांनी मांडला आणि तो बरोबरच असणार. पण काठावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न लिटरचा नव्हताच. त्याचे म्हणणे असे, की एका नदीची वाट लावून झाल्यावर ही मंडळी आता आमच्या नदीकडे वळली आहेत. आधी आपली नदी नीट करा. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांनी पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागवल्या, त्यांना ‘जास्तीचे पाणी’ हा शब्दच कानाला टोचतो. या तक्रारीत तथ्य आहे. त्यांचे चुकते ते पुढच्या पायरीवर. काळ्या ओढ्यात रंगीत पाणी सोडणारा आणि नळाला येईल ते पाणी पिणारा हे इचलकरंजीतले दोन वेगळे लोक आहेत. पहिल्याच्या घरी विकतचे पाणी येते. पाणी अडवल्याची शिक्षा भोगते ती यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या घरातली सून.

आकड्यांवर विश्वास का बसत नाही, याचे आणखी एक उदाहरण आपल्याकडे आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोल्हापूर-सांगलीच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडता येत नाही, असा तिचा निष्कर्ष. अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय निघाला की हा अहवाल पुढे येतो, आणि इथल्या पूरग्रस्तांपैकी फार थोड्यांना तो पटतो. मी जलतज्ज्ञ नाही, त्यामुळे निवाडा देत नाही. पण ज्याच्या घरात दोनदा माळ्यापर्यंत पाणी चढले, त्याला अहवालाचा सारांश वाचून दाखवणे, हे पेशंटला स्कॅन न दाखवता ‘काही झालेले नाही’ म्हणून घरी पाठवण्यासारखे आहे. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारच.

आणि मग आहे पावित्र्य. नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी मंदिरात चढते, दत्तपादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. त्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात. डॉक्टर म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. गढूळ पुराचे पाणी, पायावरच्या जखमा, लेप्टोचा हंगाम. पण तिथल्या माणसाला ‘हे पाणी घाण आहे’ असे सांगितले, की तो तुटतो, आणि त्याला कारण आहे. बनारसच्या गंगेवर अभ्यास करणाऱ्या केली अ‍ॅली या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी हे नीट टिपले आहे: भाविकाच्या मनात पवित्र आणि स्वच्छ हे दोन वेगळे कप्पे असतात. गंगेत गंदगी आहे हे त्याला दिसते. त्याने गंगा अपवित्र होते, हे मात्र तो मानत नाही. आपल्या ‘सोवळे’ आणि ‘स्वच्छ’ या शब्दांतही तेच अंतर आहे. शास्त्रज्ञ एका कप्प्याबद्दल बोलतो, ऐकणारा दुसऱ्या कप्प्यावर हल्ला झाला असे समजतो. या समजुतीचा एक तोटाही आहे: नदी आई आहे, तिला काही बाधत नाही, असे म्हणत आपण तिच्या पोटात नालेही सोडतो.

काय करता येईल? मला दोन गोष्टी सुचतात. पाण्याचे नमुने घेताना खालच्या गावांची माणसे बरोबर असावीत. तेरवाडची बाटली तेरवाडच्या माणसासमोर भरली आणि बंद केली, तर तिच्या रिपोर्टवर त्याचा हक्कही राहील आणि विश्वासही. दुसरी गोष्ट आमच्या खात्याची. नदीकाठच्या तालुक्यांत दर आठवड्याला काविळीचे किती पेशंट आले, त्यांत गर्भवती किती, हा आकडा बीओडीच्या शेजारी छापून यावा. पाच-सहा आठवडे मागे जाऊन दोन्ही आकडे जुळवून पाहणे मग कुणालाही जमेल. बीओडी ऐकून कुणाची झोप उडत नाही. आठव्या महिन्यातल्या तीन बाया एका आठवड्यात आल्या, हे ऐकून कदाचित उडेल.

मार्च ते जून हे महिने सांभाळायचे. नदी आटलेली असते, बंधाऱ्यांत पाणी साचलेले असते, नळाला दाब नसतो आणि फुटक्या पाइपातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. घरात गर्भवती असेल तर पिण्याचे पाणी चांगले खळखळून उकळी येईपर्यंत तापवा आणि झाकून ठेवा. तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळून विषाणू जात नाही. भूक मरणे, मळमळ, लघवी गडद पिवळी होणे ही सुरुवात असते. डोळे नंतर पिवळे होतात. आपल्याकडे कावीळ उतरवून घेण्याची पद्धत आहे, माळ घालतात, चुन्याचे पाणी पिवळे झालेले दाखवतात. इतरांच्या बाबतीत आजार बहुधा आपोआपच बरा होणार असतो, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. गर्भवतीच्या बाबतीत मात्र त्या दोन दिवसांत सगळे हातचे जाऊ शकते. सासूबाईंना माळ घालायचीच असेल तर जरूर घाला, माळ गळ्यात ठेवूनच त्या दिवशी रुग्णालयात या. आणि येताना एक आठवून या, दीड महिन्यापूर्वी ती माहेरी होती की सासरी, आणि तिथे पाणी कुठले पीत होती. आम्ही ते विचारणार आहोत.